एक पट्टी सोडून

वर्षातून दोनदा मी त्याच्याकडे जायचो,
बर्फ वितळल्यावर, आणि पुन्हा पडायच्या आधी.
पिशवीत किल्ली, लोकरीच्या पट्ट्या, स्वरकाटा.
ओन्नी वास्केलाइनेन दार उघडायचा, बोलायचा नाही.
आधी कॉफी, मग काम : इसाल्मीत हाच रिवाज.
तेहतीस वर्षं, पासष्ट खेपा.
एक चुकली, माझं अपेंडिक्स काढलं त्या शरदात.

पियानो जर्मन, काळा, उभ्या पाठीचा,
लाडोगाच्या काठावरच्या घरातून आलेला.
आलेला म्हणजे, ओढून आणलेला.
चाळीस सालचा मार्च, गाव रिकामं करायचं होतं.
लोकांनी गाई नेल्या, शिवणयंत्रं नेली,
एकीने घड्याळाचा नुसता लंबक नेला.
ह्याने घोडा मागितला.
मार्त्ता म्हणाली, आणि बटाटे?
तो म्हणाला, पियानोत भर.
खरंच भरले. बटाटे पोटात घेऊन
पियानो गोठलेल्या खाडीवरून निघाला,
मागे स्लेजवर मार्त्ता, मांडीवर तापलेली रौनी,
चार वर्षांची.
पैलतीरावर पोचले तेव्हा मोजदाद करणाऱ्याने
दोनच नावं लिहिली.
हे त्याने मला कधी सांगितलं नाही.
मार्त्ताने सांगितलं, पंचविसाव्या खेपेला,
कप विसळताना, माझ्याकडे पाठ करून.

मी पहिल्यांदा खालची फळी काढली
तेव्हा आत अजून मातीचा वास होता.
सगळ्या तारा उतरलेल्या. एकेक चढवत गेलो.
मधल्या सप्तकातल्या एका पट्टीशी आलो
आणि त्याने माझं मनगट धरलं.
"ती राहू दे."
पाव सुराने खाली होती ती,
कानात कुसळ गेल्यासारखी.
आमच्या धंद्यात असं सोडून जाणं म्हणजे
सुताराने दार अर्धं टांगून घरी जाणं.
पण पैसे तो देणार होता.

एकेकाळी हेलसिंकीत त्याचं नाव होतं.
तिसाव्या वर्षी पहिली सिंफनी,
वर्तमानपत्रांनी लिहिलं : जंगल बोललं.
त्याला आयुष्यभर त्याचा राग.
"जंगल कसलं? आमच्या पोस्टमनची चाल होती ती.
एका पायाने लंगडायचा बिचारा."
युद्धानंतर दुसरी. मध्यंतरात निम्मे लोक
आपापले कोट घेऊन गेले.
तिसरी कुणी मागितलीच नाही.
मग चर्चचा ऑर्गन, शाळेतली शेंबडी पोरं,
सहकारी डेअरीच्या उद्घाटनाची एक कूच,
जिचे पैसे त्याला लोण्यात मिळाले.
ते लोणी मीही खाल्लंय. चांगलं होतं.

ती पट्टी दरवर्षी केसभर आणखी उतरायची.
मी गुपचूप मोजायचो.
तोही मोजत असणार.

शेवटचं काम त्याने सत्तरीत लिहिलं,
चार तंतुवाद्यांसाठी, अकरा मिनिटांचं.
राजधानीतून एक व्हायोला वाजवणारा आला,
तरुण, नवे बूट, कागदावर बोट ठेवून म्हणाला,
"इथे बाण खाली काढलाय. किती खाली?"
ओन्नीने त्याला पियानोपाशी बसवलं.
एका बोटाने ती पट्टी दाबली, आवाज विझेपर्यंत.
"इतकं."
मुलाने डोळे मिटून ऐकलं, वहीत काहीतरी खरडलं.
"पुढच्या वर्षी वाजवायचं झालं तर?"
"तर पुन्हा यावं लागेल."

तो आला नाही. पुढच्या वर्षी ओन्नीच नव्हता.

वसंतात मी सवयीने गेलो.
आधी कॉफी. मग मार्त्ता म्हणाली,
"आता लाव तीही."
मी तिच्याकडे पाहिलं. ती साखरेकडे पाहत होती.
किल्ली फिरवली. तार कुरकुरली, चढली,
आपल्या जागी जाऊन बसली,
जणू कधी हललीच नव्हती.
मार्त्ता ओला हात झग्याला पुसत आली,
एकदाच वाजवली.
"असा होता होय," ती म्हणाली,
"विसरलेच होते."

पैसे मोजून दिले तिने.
मी घेतले.